डाव्या पायाची सुटका : जांबोटीच्या वाटेवर आलेली ऑटोमॅटिक सेडान

बेळगावहून खानापूर रस्त्याला लागायचं, उद्यमबाग मागे टाकून पिरनवाडीला उजवीकडे वळायचं आणि किणये, रणकुंडये, कुसमळी करत तीसेक किलोमीटरवर जांबोटी गाठायची. रस्ता पुढेही जातो. मलप्रभेचा उगम असलेलं कणकुंबी लागतं, मग तीन राज्यांच्या सीमा जवळजवळ येतात तो चोर्ला, आणि घाट उतरला की केरी, साखळी, पणजी. गोव्याला जाणाऱ्या बेळगावकराची ही नेहमीची वाट. शनिवारी सकाळी जांबोटीत रस्त्याकडेला उभं राहिलं, तर बेळगावच्या केए-२२, चिकोडी-निपाणीच्या केए-२३, कोल्हापूरच्या एमएच-०९ आणि गोव्याच्या पाट्यांच्या गाड्या एकामागोमाग जाताना दिसतात. त्यांत डिकीवाल्या छोट्या सेडान भरपूर असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत आता ड्रायव्हरच्या पायाशी दोनच पेडल असतात. क्लच नसतो.

पंधरा-वीस वर्षांपूर्वी या भागात ऑटोमॅटिक गाडी म्हणजे अप्रूप होतं. तिचा इतिहास सांगणारे बहुधा डेट्रॉईटला सुरुवात करतात आणि मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये येऊन थांबतात. पण घाटाच्या तोंडावर राहणाऱ्या माणसाने ती इतक्या उशिरा का घेतली, आणि घेतल्यावर तिच्याशी कसं जमवून घेतलं, हे समजून घ्यायचं तर जांबोटीचाच रस्ता धरायला हवा. गिअर बदलण्याचं काम यंत्राने उचललं खरं. मात्र घाट ओळखण्याचं काम माणसाकडून काढून घेतलेलं नाही, आणि या भागातल्या मालकाचा सगळा अनुभव या एका गोष्टीभोवती फिरतो.

घाट आणि चाक

सह्याद्रीच्या या भागात चाक फार उशिरा आलं. खालून मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि वरून धान्य, गूळ खाली जायचा, हे सगळं पिढ्यान् पिढ्या बैलांच्या पाठीवरून. बेळगावच्या लष्करी छावणीला वेंगुर्ले बंदर जवळचं, म्हणून ब्रिटिशांनी जुन्या रामघाटाच्या जोडीला आंबोलीचा गाडीरस्ता बांधून काढला. १८८० च्या दशकात कॅसलरॉकमार्गे मुरगावची रेल्वे झाली आणि मोठा माल तिकडे वळला. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा जंगलाचा आणि पावसाचाच राहिला. जवळचं आमगाव कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोजलं जातं. हब्बनहट्टीचं मारुतीचं देऊळ मलप्रभेच्या पात्रातच आहे, पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं. २०११ मध्ये याच परिसरातलं भीमगड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. अशा मुलखात वाटेत गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. गाडी निवडताना त्याचा पहिला प्रश्न ‘किती पळते?’ हा कधीच नव्हता. ‘अडकून तर पडणार नाही ना?’ हा होता.

यंत्राची भीती मात्र या मातीत नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून त्यांनी आपला उद्योग उभा केला तो बेळगावात. सायकलींचं दुकान आणि कडबा कापायची यंत्रं ही त्याची सुरुवात होती. पुढे १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. आजही जांबोटीला जाणारी प्रत्येक गाडी ज्या उद्यमबागेवरून जाते, तिथे ओतकाम, मशीनिंग आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने आहेत. लोखंडातून दातेरी चक्र कसं निघतं, तेलाच्या दाबाने दांडा कसा सरकतो, हे हाताने जाणणारी माणसं या शहरात पिढ्यान् पिढ्या आहेत. इथे ऑटोमॅटिकला उशीर झाला तो यंत्र कळत नव्हतं म्हणून नव्हे.

डबल क्लचचा जमाना

जुन्या ट्रकवर काम केलेल्या कुणाही ड्रायव्हरला ‘डबल क्लच’ म्हणा, त्याचा डावा पाय आपोआप हलेल. चढावर खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा. क्लच सोडायचा. ॲक्सिलरेटरला नेमका झटका देऊन इंजिनाचे फेरे वाढवायचे. पुन्हा क्लच दाबायचा आणि फेरे जुळल्याचा आवाज कानाला लागताच गिअर आत सरकवायचा. हे सगळं दोनेक सेकंदांत. अंदाज चुकला की दात करकरायचे, गिअर बसायचा नाही, आणि माल भरलेला ट्रक चढावर वेग हरवून जागीच उभा राहायचा. तवंदी घाट असो, आंबोली असो की चोर्ला, ड्रायव्हरची पारख या आवाजावरून व्हायची. गाडी न करकरता दुसऱ्यावर घेणारा तो पक्का ड्रायव्हर, असा साधा हिशेब होता.

या कसरतीतून मोटारीला पहिल्यांदा सोडवणारा माणूस अर्ल थॉम्पसन. त्याने बसवलेली सिंक्रोमेश यंत्रणा १९२८ मध्ये कॅडिलॅक गाडीत आली. गिअर जुळण्याआधी दोन्ही चक्रांचे फेरे आपोआप सारखे करणारी कडी, एवढीच तिची युक्ती. थॉम्पसन तिथेच थांबला नाही. त्याच्या पुढाकाराने जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक हा गिअरबॉक्स तयार केला आणि १९४० सालच्या ओल्डस्मोबाइलमध्ये तो मिळू लागला. मोठ्या प्रमाणावर बनलेली ही पहिली पूर्ण ऑटोमॅटिक. तिचं मर्म क्लचच्या जागी आलेल्या तेलात होतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक सुरू केला, की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरू लागतो. इथे वाऱ्याऐवजी तेल, आणि पंख्यांऐवजी पाती असलेले दोन वाडगे. एक इंजिनाला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. तेलातून ताकद नेण्याची ही कल्पना हेरमान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ च्या सुमारास जहाजांसाठी शोधली होती. दुसऱ्या महायुद्धात हायड्रा-मॅटिक अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसवली गेली आणि तिथे तिच्या टिकाऊपणाची खात्री पटली. १९४८ मध्ये ब्यूइकने या तेलाच्या जोडणीचा सुधारलेला प्रकार, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर, वापरणारी डायनाफ्लो आणली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक ऑटोमॅटिक होत्या.

मग ती आपल्याकडे का आली नाही?

१९५४ ची बंद झालेली दारं

सिंक्रोमेश आली त्याच १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला होता. म्हणजे हायड्रा-मॅटिक बनवणारी कंपनी स्वतः मुंबईत होती. पण स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण ठरलं की नुसते सुटे भाग आणून गाड्या जुळवणाऱ्यांना इथे जागा नाही, ज्याला राहायचंय त्याने भाग इथेच बनवावेत. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डही गेली. अमेरिकेतल्या घराघरांत ऑटोमॅटिक पोचत होती नेमक्या त्याच काळात भारताची दारं मिटली.

उरले देशी कारखाने. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याला फियाट बनवू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. बंगालमध्ये उत्तरपाड्याला १९५७ पासून हिंदुस्तान मोटर्सची अँबेसेडर निघू लागली. दोन्हींचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असायचा. बेळगाव-निपाणीतले तंबाखूचे व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्या दारात तीस-पस्तीस वर्षं याच दोन गाड्या उभ्या राहिल्या, आणि घाट चढायला पाय व कान तयार हवेत ही समजूत याच काळात घट्ट झाली.

गिअर हाताने टाकण्याची सवय टिकली ती तीन कारणांनी. पेट्रोल महाग होतं आणि त्या काळची ऑटोमॅटिक तेलातल्या घसरणीत ताकद वाया घालवत असे. तिचा गिअरबॉक्स उघडू शकेल असा मिस्त्री आसपास नव्हता, उलट क्लचप्लेट कुठल्याही गॅरेजमध्ये बदलून मिळायची. आणि ज्यांना मोटार परवडायची, त्यांच्यातले बरेच जण मागे बसायचे. क्लच दाबून ज्याचा गुडघा दुखायचा तो पगारी ड्रायव्हर होता, आणि गाडी निवडताना त्याला कुणी विचारत नसे. हे तिसरं कारण पुरेसं बोललं जात नाही. मालक स्वतः स्टिअरिंगवर बसू लागला, घरातल्या बायका गाडी चालवू लागल्या, तेव्हाच ऑटोमॅटिकला गिऱ्हाईक मिळालं.

आधी स्कूटर सुटली

क्लचपासून सुटका मराठी घरांत पहिल्यांदा अनुभवली ती दुचाकीवर. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना आणली. १९८४ मध्ये होंडाबरोबर काढलेली कायनेटिक होंडा बाजारात आली तेव्हा बजाज चेतकच्या डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवायची सवय घरोघरी होती. कायनेटिक होंडाला किक मारावी लागत नव्हती आणि गिअर टाकावा लागत नव्हता. बटण दाबा, मूठ पिळा, चला. आत होती व्ही आकाराच्या पट्ट्यावर चालणारी व्हेरिएटर यंत्रणा. पुलीचा व्यास वेगाप्रमाणे लहान-मोठा होई आणि गिअरचं प्रमाण सलग बदलत राही. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत आणलेल्या व्हेरिओमॅटिकचं हे दुचाकीतलं भावंड, आणि आजच्या सीव्हीटी सेडानच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

२००० नंतर ॲक्टिव्हासारख्या स्कूटर गावोगावी पोचल्या. खानापूर तालुक्यात शिक्षिका, नर्स, दूध घालणाऱ्या बायका यांच्या हाती पहिलं वाहन आलं ते बिनगिअरचं. या पिढीने पुढे चारचाकी घ्यायचा विचार केला तेव्हा ‘गिअर नसला तर गाडी कशी चालेल?’ हा प्रश्न तिला पडलाच नाही. मोटार कंपन्यांच्या जाहिरातींहून हा बदल मोठा होता, आणि तो गाजावाजा न होता घडला.

मायलेजची भिंत

उदारीकरणानंतर ऑटोमॅटिक सेडान दुकानात आली, पण वरच्या फळीवर. मर्सिडीजने १९९५ मध्ये पुण्याजवळ गाड्या जुळवायला सुरुवात केली. मारुतीच्या एस्टीमला नव्वदच्या दशकात तीन गिअरांची ऑटोमॅटिक मिळत होती. १९९८ मध्ये होंडा सिटी आली, २००३ च्या पिढीत तिला सीव्हीटी आली आणि २००८ च्या पिढीत पाच गिअरांची ऑटोमॅटिक. या गाड्या चालवायला सुखाच्या होत्या. पण किमतीत मॅन्युअलहून लाखाच्या आसपास फरक आणि मायलेजला फटका, यापुढे सीमाभागातला मध्यमवर्गीय अडून बसायचा.

इथल्या माणसाचं पेट्रोलच्या दराकडे लक्ष जरा जास्तच असतं, कारण तासाभरावर दुसरं राज्य आणि दुसरा दर. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे अकरा रुपयांचा फरक पडला. शेजारच्या राज्यांतल्या गाड्या गोव्यात टाकी भरून घेऊ लागल्या. लिटरला दोन किलोमीटर कमी देणारी गाडी अशा माणसाला विकायची कशी?

दरम्यान सेडानचं रूप बदलत होतं. चार मीटरपेक्षा लहान गाड्यांना २००६ च्या अर्थसंकल्पात अबकारी सवलत मिळाली. टाटांनी २००८ च्या सुरुवातीला इंडिगो सीएस ही चार मीटरच्या आतली सेडान काढली. मारुतीने डिझायरची शेपटी कापून २०१२ मध्ये ती या मापात बसवली. डिकी असलेली, लग्नकार्याला शोभणारी, गोव्याहून येताना काजू आणि मासळीचा डबा मागे मावणारी गाडी हॅचबॅकच्या आसपासच्या किमतीत मिळू लागली. राहिलं होतं ते स्वस्त ऑटोमॅटिकचं कोडं.

२०१४

हे कोडं सुटलं ते एका सरळ युक्तीने. नवीन गिअरबॉक्स बनवण्याऐवजी जुनाच मॅन्युअल गिअरबॉक्स ठेवायचा, आणि माणसाचा पाय व हात जे करतात ते करायला तेलाच्या दाबावर चालणारे दोन दांडे व एक संगणक बसवायचा. क्लच आहे, फक्त पेडल नाही. याला एएमटी म्हणतात. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये मॅग्नेटी मारेल्लीची ही यंत्रणा आणली, पाच लाखांच्या आत. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याला अँबेसेडरचं उत्पादन थांबलं. ऑगस्ट २०१४ मध्ये टाटांची झेस्ट आली, डिझेल इंजिनाला एएमटी जोडलेली पहिली भारतीय सेडान. सहाएक महिन्यांत एक युग मावळलं आणि दुसरं उगवलं. भारतीय मोटारीच्या इतिहासात २०१४ ला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी अजून मिळालेली नाही.

पुढचा वेग मोठा होता. २०१६ मध्ये डिझेल डिझायरला एएमटी आली, २०१७ मध्ये टिगोरला. २०१८ ची होंडा अमेझ डिझेल इंजिनावर सीव्हीटी देणारी देशातली पहिली गाडी ठरली. २०२२ मध्ये चाकणच्या कारखान्यातून स्लाव्हिया आणि व्हर्टस निघाल्या. त्यांच्या एक लिटरच्या इंजिनाला सहा गिअरांची टॉर्क कन्व्हर्टर आणि दीड लिटरच्या इंजिनाला सात गिअरांची दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी टिगोरमध्ये सीएनजी आणि एएमटी एकत्र आणली. अलीकडच्या वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी साधारण चौथा हिस्सा ऑटोमॅटिक झाला आहे.

मायलेजची भिंत कशी पडली ते आकड्यांतच पाहावं. २०२४ च्या अखेरीस आलेल्या पेट्रोल डिझायरचं चाचणीतलं मायलेज मॅन्युअलला लिटरला २४.७९ किलोमीटर आहे, एएमटीला २५.७१. क्लचशिवायची गाडी कागदावर जास्त पळते. संगणक वरचा गिअर लवकर टाकतो आणि कंटाळत नाही, एवढंच त्याचं कारण.

चोर्ल्याच्या वळणावर

कागद आणि घाट यांत अंतर असतं. चारही जातींच्या ऑटोमॅटिक या रस्त्यावर आपापला स्वभाव दाखवतात.

गोव्याहून परत येताना केरी सोडली की चढ सुरू होतो. पुढे भरलेला ट्रक, रस्ता ओला, वळण जवळ. एएमटीवाला ट्रक ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबतो. संगणक विचार करतो, क्लच सोडवतो, खालचा गिअर टाकतो, क्लच जोडतो. या मधल्या क्षणी चाकाकडे ताकद जात नाही. मान किंचित पुढे जाते आणि वळण तेवढं जवळ येतं. सपाट रस्त्यावर हा क्षण कुणाला जाणवत नाही, इथे तो मोठा वाटतो. सरावलेला मालक काय करतो? ट्रकच्या मागे असतानाच दांडा मॅन्युअलला ओढतो, दुसरा गिअर आधीच लावून घेतो, आणि समोरचा रस्ता मोकळा दिसला की मगच पाय दाबतो. यंत्राला पुढचं वळण दिसत नाही, ते त्याला दिसतं.

सीव्हीटीत झटका नाही, पण चढावर इंजिन एका सुरात ओरडत राहतं आणि गाडी मागाहून वेग घेते. सवय नसलेल्याला वाटतं काहीतरी घसरतंय. पाय अर्धाच दाबून धरला तर तीच गाडी घाट अगदी शांतपणे चढते. टॉर्क कन्व्हर्टर या रस्त्याला सर्वांत मानवते. तेलामुळे चढावर थांबून निघताना ओढ मिळते आणि गाडी एकदम मागे येत नाही. दुहेरी क्लचची ऑटोमॅटिक गिअर बदलायला सर्वांत चपळ. पण घाटात वाहतूक खोळंबून रांग लागली, की इंचाइंचाने पुढे सरकताना तिच्या कोरड्या क्लचना ताप चढतो. तिथे पुढच्या गाडीशी अंतर ठेवून एकदाच नीट पुढे जाणं बरं.

एक चूक मात्र एएमटी आणि दुहेरी क्लच दोन्हींत सारखीच महाग पडते. चढावर थांबलेली गाडी ब्रेकने न धरता ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची. जुना ‘हाफ क्लच’ पायातून गेला तरी डोक्यातून जायला वेळ लागतो. पेडल दिसत नसलं तरी आत क्लच घासतच असतो. चढावर थांबलं की ब्रेक, फार वेळ थांबलं की हँडब्रेक, ही शिस्त या भागातल्या मालकाने पहिल्या महिन्यातच लावून घ्यावी.

उताराचा हिशेब

चढापेक्षा उतार कठीण. चोर्ल्याची उंची सुमारे आठशे मीटर आणि साखळी जवळजवळ समुद्रसपाटीला. अकराशे किलोची मोटार त्यातले सातशे मीटर खाली उतरते तेव्हा साडेसात मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. चोवीस-पंचवीस लिटर पाणी उकळायला आणेल इतकी ही उष्णता आहे. ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांवर टाकली तर ब्रेक तापतात, पेडल मऊ पडतं आणि जळका वास येतो. जुना ड्रायव्हर म्हणायचा, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. त्यामागे हाच हिशेब होता.

याला छेद देणारी एक सवय मात्र जुनीच आहे आणि वाईट आहे. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करायची. कार्ब्युरेटरच्या दिवसांत त्यातून थोडंफार वाचतही असेल. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की संगणक पेट्रोलचा पुरवठाच थांबवतो, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळत राहतं. म्हणजे न्यूट्रलने ब्रेकही तापतो आणि पेट्रोलही जातं.

ऑटोमॅटिक गाडी डी मध्ये ठेवून घाट उतरणारे पुष्कळ आहेत. काही गाड्यांचा संगणक उतार ओळखून खालचा गिअर धरतो, काहींचा वेग वाढलेला पाहून वरचा टाकतो आणि इंजिनाची पकड सुटते. म्हणून दांड्यावर एल, एस, २ किंवा अधिक-उण्याच्या खुणा असतात. त्या शोभेला नाहीत. चोर्ला संपेपर्यंत दुसरा किंवा तिसरा गिअर लावून ठेवला, तर ब्रेक वळणापुरताच लागतो. गाडी ताब्यात दिली जाते त्या दिवशी गाणी कशी लावायची आणि फोन कसा जोडायचा हे शिकवलं जातं. या खुणांबद्दल बहुतेक वेळा एक वाक्यही सांगितलं जात नाही, आणि हे खटकण्यासारखं आहे.

रोजचा संसार

घाटाबाहेरचा संसार सुखाचा असतो. टिळकवाडीतल्या फाटकांवर, शहापूरच्या गल्ल्यांत, गणपतीच्या गर्दीत डावा पाय निवांत असतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले निवृत्त शिक्षक पुन्हा स्वतः गाडी काढून गावच्या जत्रेला जाऊ लागतात. पगारी ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही म्हणून थांबलेलं जाणं-येणं सुरू होतं. हा बदल मायलेजच्या तक्त्यात बसत नाही, पण ऑटोमॅटिकची खरी कमाई हीच आहे.

अडचणी वेगळ्या आहेत. बॅटरी उतरली तर ‘धक्का स्टार्ट’ विसरायचा. कणकुंबीच्या पुढे जंगलात, मोबाइलला रेंज नसताना, चार जणांनी ढकलून गाडी सुरू करायचा जुना उपाय इथे चालत नाही. म्हणून जंप केबल डिकीत हवीच आणि बॅटरी पावसाळ्याआधी तपासून घ्यावी. बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी दोर बांधून ओढत नेऊ नये. तेलाचा पंप इंजिनावर चालतो, इंजिन बंद म्हणजे आतल्या भागांना तेल नाही. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी ट्रकवर घालूनच न्यायची. गिअरबॉक्सचं तेल ‘आयुष्यभराचं’ असं सांगितलं गेलं, तरी घाटात राबणाऱ्या गाडीचं ते ठरावीक अंतराने बदलणारे मालक शहाणे. आणि जुनी ऑटोमॅटिक विकत घेणाऱ्याने गाडी थंड असताना आणि तासभर चालवून गरम झाल्यावर, दोन्ही वेळा चढावर नेऊन पाहावी. झटका किंवा घसरण बहुधा गरम झाल्यावरच दिसते.

मिस्त्रीचं कामही बदललं. पूर्वी तो क्लचच्या आवाजावरून प्लेट किती उरली ते सांगायचा. आज आधी स्कॅनर लावतो, चूक-कोड वाचतो, मग पाना उचलतो. बेळगावात हे शिकलेली मुलं आहेत, खानापूरलाही तयार होत आहेत. गावोगावच्या छोट्या गॅरेजपर्यंत ही विद्या पोचेपर्यंत जांबोटीच्या पुढचा मालक बेळगावच्या भरवशावरच राहणार.

आता विजेची गाडी येऊन उभी आहे. २०२१ च्या टिगोर ईव्हीत २६ किलोवॅट-तासांची बॅटरी आणि एकच गिअर आहे, बदलायला काही नाहीच. घाट उतरताना मोटर जनरेटरचं काम करून बॅटरीत वीज भरते, म्हणजे जी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जात होती तिचा काही भाग परत मिळतो. एवढ्या एका कारणाने विजेची गाडी या रस्त्याला शोभणारी आहे, मात्र बेळगाव सोडल्यावर चार्जिंगची सोय वाढेपर्यंत मालकाला हिशेब मांडूनच निघावं लागेल.

तोवर विक्रेत्यांनी आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी करण्यासारखी एक गोष्ट आहे. सीमाभागात ऑटोमॅटिक सेडान घ्यायला आलेल्या माणसाला शोरूमबाहेरच्या सपाट रस्त्यावर दोन चकरा मारून आणतात आणि सही घेतात. त्याला जांबोटीपलीकडे चोर्ल्यापर्यंत न्यावं, चढावर थांबवून पुन्हा निघायला सांगावं, दांडा मॅन्युअलला टाकून अर्धा घाट उतरवावा. अर्ध्या दिवसाचं हे काम आहे. त्यात विकणाऱ्याचं थोडं पेट्रोल जाईल, पण घेणाऱ्याला आपली गाडी कळेल आणि त्याच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या घरच्यांना भरवसा येईल.